डेकला भोक पाडा, पण पाण्याला वाट देऊ नका

या वेळचं पत्र एका वाचक ताईंचं आहे. त्या लिहितात:

‘गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायकोने एक जुनी, 8 मीटर लांबीची फायबरग्लासची शिडाची होडी घेतली. शीड चढवायला, उतरवायला, वारा वाढला की आखडायला दर वेळी कुणाला तरी डोलकाठीपाशी जावं लागतं. मागच्या महिन्यात लाटांमध्ये माझा पाय घसरला. तोल सावरायला कठड्याचा खांब धरला, तर तोच हलला. तेव्हाच ठरवलं, सगळे दोर मागे कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेत, आणायचे. विंच (दोर ताणायचा, दांड्याने फिरवायचा ड्रम), तीन दोरांचा क्लच (ताणलेला दोर पकडून ठेवणारा चाप), पुल्या, बोल्ट सगळं आणून महिना झाला. खोकं तसंच पडून आहे. थोरले दीर म्हणतात, “भोक पाडा, सिलिकॉन थापा, बोल्ट आवळा, एका दुपारचं काम आहे.” पण ड्रिल हातात घेतलं की माझा हात पुढे होत नाही. धडधाकट होडीला आपणच भोकं पाडायची? हे काम आम्ही स्वतः करावं का? केलं तर नेमकं कुठे चुकतं?’

ताई, काम तुम्ही दोघांनीच करा. फक्त एका दुपारचं म्हणून हातात घेऊ नका. चार-पाच दिवस धरून चाला. त्यात प्रत्यक्ष हात चालतील फार तर दीड दिवस, बाकी वेळ इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारी राळ, वाळण्यात जाईल. आणि ड्रिल धरल्यावर हात थबकतो याबद्दल मनाला लावून घेऊ नका. ज्यांचा थबकत नाही, त्यांची डेकं मी उघडून पाहिली आहेत. पण तुम्हाला भीती भोकाची वाटते आहे, ती पाण्याची वाटायला हवी. 8 मिलिमीटरच्या चार भोकांनी डेक दुबळं होत नाही. त्या भोकांतून वर्षानुवर्षं थेंब थेंब आत शिरणारं पाणी डेक खाऊन टाकतं.

का, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. फायबरग्लासच्या बहुतेक होड्यांचं डेक भरीव काचेचं नसतं. वर काच-धाग्याचा एक थर, खाली दुसरा, आणि मधे 10-15 मिलिमीटर जाडीचा हलका गाभा. जुन्या होड्यांत हा गाभा बहुधा बाल्सा लाकडाचा, काहींत फोमचा किंवा प्लायवूडचा असतो. दोन पातळ थर एकमेकांपासून लांब धरून ठेवले की वजन न वाढता डेक कडक होतं, हे त्यामागचं गणित. बाल्साचे छोटे चौकोनी तुकडे धागे उभे ठेवून बसवलेले असतात. उभ्या धाग्यांमुळे पाणी लाकडातून आडवं लवकर पसरत नाही. मात्र दोन तुकड्यांमधल्या बारीक फटी राळेने नीट भरलेल्या नसतील, तर पाणी त्या फटींतून नाल्यातून वाहावं तसं दूरवर जातं. तिथे ऊन नाही, वारा नाही. लाकूड कुजतं, थर सुटे होतात, आणि वरून मात्र डेक पांढरंशुभ्र दिसत राहतं.

माझ्या पहिल्या होडीवर पुढच्या बाजूला एक साधं क्लीट, म्हणजे दोर बांधायची खुंटी, होतं, दोन बोल्टचं. आधीच्या कुणीतरी ते सिलिकॉन लावून बसवलं होतं. मी ते बदलायला काढलं आणि जुन्या भोकात बिट फिरवलं. बिटाच्या खाचांतून भुसा यायला हवा होता, त्याऐवजी तपकिरी लगदा आला. बोटात धरून पिळला तर पाणी निघालं. भोकात वाकवलेली तार घातली, ती कशालाच न अडता चारही बाजूंना फिरली. शेवटी दीड हात लांब आणि हातभर रुंद असा वरचा थर कापून काढावा लागला. खालचा सगळा गाभा उलथन्याने खरवडला. दोन बोल्टांनी, म्हणजे बोल्टांभोवतीच्या चिमूटभर निष्काळजीपणाने, एवढं केलं होतं. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: बोल्टाचं भोक गाभ्याला कधी शिवता कामा नये. सील आज ना उद्या चुकतंच. ते चुकेल त्या दिवशी पाण्याला लाकूड सापडू नये, एवढी तजवीज आधी करून ठेवायची.

तेव्हा पहिल्या दिवशी ड्रिलला हात लावू नका. स्क्रू ड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि डेकवर टकटक करत फिरा. जिथे सामान बसवायचं आहे तिथे, हलणाऱ्या खांबाभोवती, आणि आधीच्या प्रत्येक फिटिंगच्या कडेने. चांगलं डेक खणखणीत वाजतं. थर सुटलेला असेल तिथे आवाज बसका, मेलेला येतो. फरक कानाला पाच मिनिटांत कळू लागतो. बसका आवाज तळहाताएवढ्या जागेत असेल तर तुम्हाला झेपेल. तो पसरत पसरत डोलकाठीच्या पायथ्यापर्यंत गेला, तर नवं सामान बाजूला ठेवा आणि फायबरचं काम जाणणाऱ्या कारागिराला बोलवा. डोलकाठीखालचं डेक कुजलं असेल, तर तिथे पहिलाच प्रयोग करणं योग्य नाही.

डेक चांगलं निघालं की जागा ठरवा, आणि ती दोराला विचारून ठरवा. माप कागदावर बरोबर येतं आणि डेकवर दोर हॅचच्या, म्हणजे डेकमधल्या झडपेच्या, कोपऱ्यावर घासतो, असं पुष्कळदा होतं. पुल्या आणि क्लच मास्किंग टेपने चिकटवा, खरा दोर त्यांतून ओवा, डोलकाठीपासून विंचपर्यंत ताणून धरा. एकाने धरायचं, दुसऱ्याने गुडघे टेकून डोळा दोराच्या रेषेत आणून बघायचं. दोर क्लचमध्ये सरळ शिरतो का? क्लचचं हँडल पूर्ण उघडतं का? विंचचा दांडा पूर्ण गोल फिरतो का, की कुठे छताच्या कडेला, कुठे कापडी आडोशाला अडतो? बसून फिरवताना तुमचा खांदा कुठे येतो? ही तालीम तासभर करा. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वात उपयोगी तास आहे.

विंचच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची. दोर ड्रमवर खालून चढला पाहिजे, म्हणजे क्लचकडून येताना थोडा वर जात, काही अंशांच्या चढाने ड्रमला लागला पाहिजे. तो समपातळीत किंवा वरून आला, तर नवा वेढा आधीच्या वेढ्यावर चढतो आणि ताणाखाली तिथेच अडकतो. वारा वाढलेला, शीड उतरवायचं आहे, आणि विंचवर दोर असा घट्ट बसलेला, की सोडवता सुटत नाही. हा प्रसंग कुणावर येऊ नये. कोन जमत नसेल, तर विंचखाली योग्य जाडीची बैठक द्या. पाचरीसारखी तासलेली असली तरी चालेल. क्लचमधून विंचपर्यंत एक सुतळी ताणून ठेवली की चूक लगेच दिसते. विंचचा ड्रम वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे दोर ड्रमच्या कोणत्या अंगाला लागणार, तेही याच वेळी नक्की करा.

आता पुल्यांवरचा भार. दोर पुलीवरून वळला की पुलीच्या बुडावर दोरातल्या ताणाएवढाच भार येतो असं लोक धरून चालतात. भार ठरतो तो वळणावरून. दोर 60 अंशांत वळला तर पुलीवर ताणाइतकाच भार. 90 अंशांत वळला तर 1.4 पट. पूर्ण उलटा फिरला तर दुप्पट. 30 अंशांच्या हलक्या वळणाला मात्र ताणाच्या निम्माच. म्हणून छतावर दोर बाजूला नेणाऱ्या आडव्या पुल्यांवर फारसा भार नसतो, आणि डोलकाठीच्या पायथ्याशी खरी कसोटी असते. तिथे हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवणारा दोर, वरून खाली येऊन काटकोनात मागे वळतो. दोरात 200 किलोचा ताण असेल, तर त्या पुलीवर सुमारे 280 किलो, आणि त्यातले 200 सरळ वरच्या दिशेने, डेक उचलायला निघालेले. असे दोन-तीन दोर एकदम ताणले तर काय होईल, याचा विचार करा. त्यामुळे या पुल्या शक्यतो डेकवर बसवू नका. डोलकाठीच्या पायाशी असलेल्या धातूच्या पट्टीला किंवा थेट डोलकाठीलाच अडकवा, म्हणजे वर खेचणारा जोर डोलकाठी स्वतःच पेलते.

डोलकाठी ॲल्युमिनियमची असेल आणि तिच्यावर स्टेनलेसचे स्क्रू येणार असतील, तर दोन धातूंच्या मधे गंजरोधक पेस्ट लावल्याशिवाय एकही स्क्रू आत घालू नका. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी सुटते, आणि काही वर्षांनी स्क्रू एक तर निघत नाही किंवा आट्यांसकट बाहेर येतो.

जागा ठरली की केबिनमध्ये जा. छताचं आतलं अस्तर काढा. नट कुठे येणार, तिथे पाना फिरायला जागा आहे का, दिव्याची तार त्याच रेषेत गेली आहे का, आडवी भिंत नेमकी बोल्टाखाली येते का, हे वरून कळत नाही. हॅचच्या कडेसारखी वरून-खालून दोन्हीकडून दिसणारी एक खूण धरा आणि तिच्यापासून मापं घ्या. मग एकच बारीक, 3 मिलिमीटरचं भोक आरपार पाडा आणि खाली जाऊन बघा. ते योग्य जागी निघालं तरच पुढचं. चुकीच्या जागी निघालं तर एवढं बारीक भोक इपॉक्सीने बुजवून टाकायला काहीच कष्ट नाहीत.

आता मुख्य काम. हे नीट सांगतो.

समजा बोल्ट 8 मिलिमीटरचा आहे. त्याच्या जागी वरच्या बाजूने 14 ते 16 मिलिमीटरचं भोक घ्यायचं, पण फक्त वरचा थर आणि गाभा कापायचा. खालचा थर शाबूत ठेवायचा. त्यासाठी बिटाला हव्या त्या खोलीवर रंगीत टेपचा वेढा द्या आणि टेप डेकला टेकली की थांबा. बिट गाभ्यात शिरतं तेव्हा विरोध एकदम कमी होतो आणि खालच्या काचेला लागलं की पुन्हा वाढतो. दोन-तीन भोकांनंतर ते हाताला कळतं. भुशाकडे लक्ष ठेवा. कोरडा, फिकट, हलका असेल तर गाभा चांगला आहे. गडद किंवा ओलसर असेल तर तिथेच थांबा. वर ताडपत्रीचा आडोसा करून भोक उघडं ठेवा आणि वाळू द्या, लागले तर आठवडेही. ओल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही.

मग एक जुनी ॲलन की किंवा काटकोनात वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये बसवा आणि हळू वेगाने भोकात फिरवा. दोन थरांच्या मधला बाल्सा चहूबाजूंनी आणखी 5-6 मिलिमीटर खरवडून निघेल. वरून भोक तेवढंच दिसेल, आत मात्र ते पोटात रुंद होईल. अशा जागेत ओतलेली इपॉक्सीची गोळी दोन्ही थरांत अडकून बसते. वर किंवा खाली निसटायला तिला वाट राहत नाही. भुसा व्हॅक्यूमने पूर्ण ओढून घ्या. मघाशी पाडलेलं बारीक भोक खालून टेपने बंद करा, आणि टेप नीट दाबा, कारण पातळ इपॉक्सीला सापडणार नाही अशी फट नसते. केबिनमध्ये गादीवर इपॉक्सी ठिबकली तर ती निघत नाही, म्हणून खाली प्लास्टिक अंथरा.

इपॉक्सी आणि हार्डनर डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच घ्या. ‘लवकर वाळावं म्हणून हार्डनर थोडं जास्त’ हे इथे चालत नाही. जास्त हार्डनरने ती लवकर वाळत नाही, अर्धवट मऊ राहते. एका वेळी थोडीच मिसळा. मोठ्या भांड्यात इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर सोडते आणि हातात असतानाच दगड होते. नायट्राइलचे हातमोजे घाला. वास फारसा येत नाही म्हणून लोक उघड्या हातांनी काम करतात. त्वचेला एकदा तिची ॲलर्जी जडली की ती आयुष्यभर राहते, पुढे नुसत्या जवळ गेल्यानेही अंगावर पुरळ उठतो. काच घासताना, कापताना धुळीचा चांगला मास्क हवाच, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

आधी नुसती पातळ इपॉक्सी सुईविना इंजेक्शनच्या पिचकारीने भोकात सोडा. बाल्सा ती पितो. पाच-दहा मिनिटांत पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. लाकडाचं पोट भरलं की जादा इपॉक्सी ओढून घ्या. आता उरलेल्या इपॉक्सीत सिलिकाची बारीक पूड घालून ती टूथपेस्टइतकी घट्ट करा आणि पिचकारीचं टोक तळाशी टेकवून खालून वर भरत या. वरून ओतलं तर खाली हवेचा बुडबुडा अडकतो, आणि तो नेमका बोल्टापाशीच सापडतो. दुसऱ्या दिवशी गोळी थोडी खाली बसलेली दिसली तर वरून पुन्हा भरून घ्या. वाळल्यावर तिच्यावर मेणचट थर आलेला असेल. तो पाणी आणि काथ्याने धुऊन काढा आणि मगच पॉलिश पेपर मारा.

एवढं झालं की फिटिंग जागेवर ठेवा, गोळीच्या मध्यावर खूण करा आणि बोल्टाच्या मापाचं भोक आरपार पाडा. गोळी रुंद असल्याने खूण 2 मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी बिघडत नाही. जेलकोटचा, म्हणजे डेकवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराचा, टवका उडू नये म्हणून सुरुवातीला ड्रिल उलट्या दिशेने फिरवा. बिट कापण्याऐवजी घासत जेलकोट पार करतं, मग सरळ फिरवा. खालून कुणाला तरी लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरायला सांगा, म्हणजे आतली काच फाटणार नाही. शेवटी वरच्या तोंडाला काउंटरसिंकच्या बिटाने छोटा उतार द्या. हे दहा सेकंदांचं काम बहुतेक लोक सोडून देतात. त्या उतारात सीलंटचं कडं बसतं, बोल्टाभोवती अंगठीसारखं, आणि तेच पाणी अडवतं. उतार नसेल तर बोल्ट आवळताना सगळं सीलंट कडेने बाहेर येतं आणि फिटिंगखाली कागदाएवढा पापुद्रा उरतो.

आता सिलिकॉन. दिरांना सांगा की तो खिडकीला, मोरीला ठीक आहे. डेकच्या सामानाला मी तो वापरत नाही. धातू आणि जेलकोटवरची त्याची पकड लवकर सुटते, आणि काढल्यावर मागे जो अदृश्य थर राहतो, त्यावर पुढे दुसरं कुठलंच सीलंट, रंग किंवा इपॉक्सी धरत नाही. दुसऱ्या टोकाला कायमचं चिकटणारं कडक पॉलियुरेथेन आहे. ते इतकं धरतं, की उद्या क्लच बदलायचा झाला तर जेलकोट उचकटून निघेल. पॉलिसल्फाइड धातूच्या फिटिंगला उत्तम, पण ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस अशा प्लास्टिकला ते खातं, आणि तुमच्या क्लचच्या बाजू प्लास्टिकच्या असण्याची शक्यता आहे. मी तुम्हाला ब्यूटाइल टेप सुचवेन. ती कधीच वाळत नाही, वर्षानुवर्षं मऊ राहते, डेक आणि फिटिंग थोडंफार हललं तरी सोबत ताणली जाते, आणि घाई करायला लावत नाही. पाण्याच्या पातळीखाली आणि इंधनाच्या आसपास मात्र ती वापरायची नाही.

लावायची कशी? डेक आणि फिटिंगची बूड ॲसिटोनने पुसा, पण फिटिंग प्लास्टिकची असेल तर ॲसिटोन नको, स्पिरिट घ्या. बुडावर टेपची पट्टी सगळीकडे अंथरा. वेगळी थोडी टेप बोटांत वळून वातीसारखी करा आणि ती बोल्टाच्या डोक्याखाली दोन-तीन वेढे देऊन शंकूसारखी बसवा. मग एक जण वर, एक जण केबिनमध्ये. वरच्याने बोल्टाचं डोकं स्क्रू ड्रायव्हरने घट्ट धरून ठेवायचं, ते तसूभरही फिरू द्यायचं नाही. फिरवायचा तो खालचा नट. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचं सील पिळवटतं. हाताला विरोध जाणवेपर्यंत आवळा आणि सोडून द्या. टेप हळूहळू कडेने ओघळेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. थंडी असेल तर जास्त दिवस लागतील. कडेने बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापा, आणि उरलेले डाग त्याच टेपचा गोळा वरून टिपत टिपत उचलून घ्या.

सील फक्त वरच्या बाजूने करायचं. खाली नटाभोवती काहीही फासायचं नाही. खाली बंद केलं आणि वरून गळू लागलं, तर पाणी बोल्टाभोवती कोंडून राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. खालून मोकळं असेल तर केबिनमध्ये पहिला थेंब पडेल त्या दिवशी कळेल, आणि तो दिवस लवकर आलेलाच बरा.

बोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. डोक्यावर ‘ए4’ असा शिक्का असतो. ‘ए2’ म्हणजे 304 दर्जा, तो खाऱ्या हवेत लवकर डागाळतो. स्टेनलेसला न गंजण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. ओलसर आणि हवाबंद फटीत तेच स्टेनलेस आतून कुरतडलं जातं, आणि वर डोकं चकचकीत असताना मधे बोल्ट पेन्सिलच्या टोकासारखा झालेला असतो. फिटिंगच्या बुडातून तपकिरी ओघळ दिसला तर पुसून टाकून विसरू नका, बोल्ट काढून बघा. आणि स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट मशिनने गरगरा फिरवला तर आटे एकमेकांत जाम होतात. मग कापण्यावाचून इलाज नाही. आट्यांना अँटी-सीझ पेस्टचं बोट लावा आणि हाताने, सावकाश फिरवा.

विंचखाली नुसते वायसर पुरणार नाहीत. फिटिंगच्या बुडापेक्षा चारही बाजूंनी 2-3 सेंटीमीटर मोठी, सुमारे 6 मिलिमीटर जाडीची आधारपट्टी आतून द्या. मला जी10 नावाची काच-इपॉक्सीची पट्टी आवडते. ती गंजत नाही, कुजत नाही, ड्रिल होते. कापताना डोळे आणि नाक सांभाळा. कोपरे कानशीने गोल करा, कारण टोकदार कोपरा भाराखाली डेकमध्ये रुततो. केबिनच्या बाजूचा थर खडबडीत, उंचसखल असतो, म्हणून पट्टीमागे घट्ट इपॉक्सीचा लेप द्या, म्हणजे ती सगळीकडे सारखी टेकेल. नाहीतर तुम्ही नट आवळाल आणि डेक वाकेल.

आता तो खांब. ताई, माझं ऐकाल तर विंचच्या आधी तो काढा. पत्रात तुम्ही तो जाता जाता लिहिलात, पण वाचताना माझं मन तिथेच अडकलं. असा खांब सुमारे 60 सेंटीमीटर उंच असतो आणि त्याच्या बुडातले बोल्ट एकमेकांपासून जेमतेम 6 सेंटीमीटर. म्हणजे तो दहास एक अशी तरफ आहे. वरच्या टोकाला 80 किलोचा जोर आडवा लागला, तर आतल्या बाजूचे दोन बोल्ट मिळून 800 किलोने डेकमधून वर उपटले जातात, आणि लाटेने फेकलेला माणूस नुसता टेकत नाही, आदळतो. इतका भार मऊ पडलेल्या गाभ्यावर आणि नाण्याएवढ्या वायसरवर सोपवलेला असतो. बुडाभोवती जेलकोटला चांदणीसारख्या बारीक चिरा आहेत का बघा. असतील तर डेक तिथे वाकत आलं आहे. नुसतं आवळू नका. आवळल्याने तो चार दिवस घट्ट वाटेल आणि खालचा गाभा आणखी चेपेल. पूर्ण काढा, गाभा खरवडा, इपॉक्सी भरा, मोठी आधारपट्टी द्या, नवे बोल्ट घाला. तोपर्यंत त्या बाजूने कुणालाही पुढे जाऊ देऊ नका. मग बाकीचे सगळे खांबही एकेक करून हलवून बघा. एक सैल झाला असेल तर त्याचे भाऊबंदही त्याच वयाचे आहेत.

सगळं बसल्यावर केबिनमध्ये प्रत्येक नटाभोवती खडूची भुकटी लावा आणि वरून अर्धा तास पाणी सोडा. भुकटीवर ओलाव्याची रेघ उमटली तर नेमकं कुठून ते कळेल. मग होडी बांधलेली असतानाच विंचवर हॅलयार्ड थोडा थोडा ताणा. एकाने आत डोकं घालून छताकडे बघत राहायचं. चरचर ऐकू आली किंवा पट्टीच्या कडेला डेक उचललं जाताना दिसलं तर सोडा.

दिरांना नक्की बोलवा. वर एक, खाली एक आणि पाना, बोल्ट, टॉर्च हातात द्यायला तिसरा माणूस लागतोच. आणि डोलकाठीवरची जुनी क्लीटं काढून टाकू नका. क्लच कधी दगा देऊ शकतो, दोर कधी क्लचच्या दातांत झिजतो. तेव्हा हॅलयार्ड पटकन बांधायला एक जुनं, भरवशाचं क्लीट तिथे असू द्या.